माहेरवाशीण छाप

दाराची कडी वाजली की कुसुमताईंचा हात आधी कोनाड्याकडे जायचा. हैदराबादेत अंबरपेठच्या त्या घरात आठ वर्षं हा नियम कुणी मोडला नव्हता. कोनाडा माजघराच्या आतल्या भिंतीला होता, दारातून दिसणार नाही असा. त्यात चांदीचा करंडा, मेणाची डबी आणि तळहाताएवढा आरसा. कडी वाजली की भावजय सावित्रीबाई चुलीपासूनच "कोण हाय?" म्हणून विचारायच्या आणि तो प्रश्न मुद्दाम लांबवायच्या. तेवढ्यात कपाळाला मेण, मेणावर कुंकू, गळ्याभोवती पदर. आलेला माणूस परका असला तर कपाळ तसंच राहायचं. घरचा असला तर ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं.

त्या रविवारी सकाळी बाहेरून उत्तर आलं, "मी प्रताप, वैनी. उघडा लवकर."

कुसुमताईंनी फडकं उचललं.

धाकटा भाऊ प्रताप नांदेडच्या गाडीनं काचीगुड्याला उतरून थेट आला होता. धोतराला कोळशाचे डाग, डोळे तांबारलेले. दिवाळी तोंडावर असताना नांदेडची पेढी सोडून तो येतो म्हणजे बातमी बरी नसणार, हे कुसुमताईंनी त्याच्या चपला काढण्यावरूनच ओळखलं. एक चप्पल उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर राहिली होती.

"दादा कुठाय?"

"बैठकीत. कागद वाचत बसलेत."

"कोणते कागद?"

"तुझ्यासमोर वाचतील की," त्या म्हणाल्या आणि मागच्या पडवीत परत गेल्या.

पडवीत कुंकवाचा नवा घाणा वस्त्रगाळ करायचा होता. हळद, लिंबाचा रस, टाकणखार, तुरटी हे सगळं मिळून उन्हात सुकलं, दळलं गेलं की शेवटची चाळण कुसुमताईंच्या हातची. त्यांची बोटं नखांच्या मुळापर्यंत लाल असत. तो रंग कधीच सुटत नसे. कपाळ मात्र रोज कोरं करता येत होतं.

भिंतीला लागून पुड्यांचे गठ्ठे रचलेले होते, आणि प्रत्येक पुडीवर कुसुमताईच होत्या. हिरवी नऊवारी, मोठी नथ, हातात पितळी ताट आणि कपाळाला रुपयाएवढं कुंकू. खाली अक्षरं, 'माहेरवाशीण छाप'. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्या माहेरी आल्या होत्या, तेव्हा वडिलांनी, नामदेवरावांनी, कोठी भागातल्या स्टुडिओत हा फोटो काढवून घेतला. मुंबईच्या छापखान्यानं त्यात रंग भरले आणि कुंकू होतं त्याच्या दुप्पट केलं. अफझलगंजातल्या दुकानावर हाच चेहरा, कोठीच्या चौकात पत्र्याच्या पाटीवर हाच, पार लातूर-परभणीच्या बाजारापर्यंत हाच.

मग पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात कुसुमताईंचे यजमान मारोतराव पटकीनं गेले. त्या धामधुमीत कंधारकडच्या सासरच्या खेड्यातली बातमी हैदराबादेत आली नाही. फक्त कुसुमताई आल्या. त्याच आठवड्यात मुंबईहून लेबलांची नवी पेटी दुकानात उतरली होती. पेटी उघडी असतानाच एका जुन्या गिऱ्हाईक बाईनं नामदेवरावांना विचारलं, "काय म्हणते तुमची माहेरवाशीण?" आणि नामदेवरावांच्या तोंडून निघून गेलं, "मजेत आहे. आलीय की माहेरी."

त्यांना नंतर ते शब्द मागं घ्यायचे होते, असं ते म्हणत. आज घेऊ, सणानंतर घेऊ, नवी लेबलं छापताना घेऊ. ते वारले तरी शब्द बाजारातच राहिले, आणि ते सांभाळायला कोनाडा घरात राहिला.

"आक्का!" बैठकीतून प्रतापची हाक आली. "इकडं ये जरा."

बैठकीत थोरले भाऊ हिंमतराव लोडाला टेकून बसले होते. सावित्रीबाई दाराशी. त्यांची मुलगी गंगू खिडकीत बसून केस विंचरत होती. माघात तिचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे तिच्या केसांना घरात सध्या फार मान होता.

प्रतापनं मधोमध एक पुडी ठेवली. तांबडा-पिवळा तोच रंग, तीच हिरवी नऊवारी, तेच ताट, मान त्याच बाजूला कललेली. फक्त नथ एका नाकपुडीतून दुसऱ्या नाकपुडीत गेली होती. खाली लिहिलं होतं, 'सासुरवाशीण छाप'.

गंगूला मराठी अक्षरं लावायला वेळ लागायचा. तिनं पुडी उचलून बोट ठेवत वाचलं आणि ती फिसकन हसली. "सा-सुर-वाशीण! हौला! येडाच हाय कुणीतरी! आत्या, हे तुमच्या सासूनं काढलं का काय?"

"हसू नको," प्रताप म्हणाला. "दत्तोबानं काढलंय."

हिंमतरावांनी पुडी तिच्या हातातून घेतली. दत्तोबा म्हणजे नांदेड भागातला त्यांचाच जुना अडत्या. बारा गावच्या बाजारात माहेरवाशीण त्यानंच पोचवली होती.

"सगळ्या तालुक्याला माल गेलाय," प्रताप सांगत होता. "मी जाऊन विचारलं, दत्तोबा, हे काय? तर म्हणतो, येत्या पहिल्या तारखेपासून नांदेड मुंबई राज्यात जायलंय आन् तुमचं हैदराबाद आंध्रात. आता तुमचा मुलुख येगळा, आमचा येगळा. तुमची माहेरवाशीण तुमच्याकडंच ठेवा."

"मुलुख वेगळे झाले म्हणून छाप वेगळी होत नाही," हिंमतराव म्हणाले. "ट्रेडमार्कचं दफ्तर सगळ्या देशाला एकच आहे, मुंबईला. तिथं एकदा नोंद झाली की हैदराबादेत काय आणि नांदेडात काय, हे चित्र आणि हे नाव दुसऱ्याला लावता येत नाही. अर्ज तयार आहे. वकिलानं एकच गोष्ट राहिली म्हणून सांगितलंय. चित्र जिवंत माणसाचं आहे, तर त्या माणसाची संमती पाहिजे, शपथेवर. शपथेचे कमिशनर मोहियुद्दीनसाहेब दुपारी घरी येऊन शपथ देणार आहेत. झालं."

"झालं नाही, दादा."

"का?"

प्रतापनं कुसुमताईंकडं पाहिलं आणि मग जमिनीकडं. "अर्ज पडला की दफ्तरवाले तो जाहीर करतात. कुणाची हरकत असली तर सांगा म्हणतात. दत्तोबाला हे सगळं ठाऊक हाय. त्यानं मुंबईचा वकील बघून ठेवलाय. मला म्हणला, लिहू द्या बाईला काय लिहायचं ते. मी मारोतरावाच्या तेराव्याला जेवलोय."

खिडकीत गंगूचा कंगवा थांबला.

आठ वर्षं कुसुमताई याच माणसाची वाट पाहत होत्या. तो कोण असेल हे ठाऊक नव्हतं. पण कधीतरी कडी वाजेल, सावित्रीबाई "कोण हाय?" विचारतील आणि बाहेर त्या गावचं कुणीतरी उभं असेल, ज्यानं त्यांच्या बांगड्या फुटताना पाहिल्यात. दर वेळी मेण लावताना हे मनात येऊन जायचं. आता त्या माणसाला नाव मिळालं होतं.

"कुठाय तो?" त्यांनी विचारलं.

"काल गाडीतच होता. पुढच्या डब्यात. म्हणला, हैदराबादेत काम हाय."

कुसुमताई थोरल्या भावाकडं वळल्या, "दादा, त्या कागदात माझं काय लिहिलंय?"

"तुझं नाव, वय, राहणार अंबरपेठ."

"आणि?"

हिंमतरावांनी चष्मा काढला. "जौजे मारोतराव."

कचेरीच्या भाषेत जौजे म्हणजे बायको. नवरा नसलेलीला बेवा म्हणायचं. घरातल्या सगळ्यांना दोन्ही शब्द माहीत होते. शेताच्या प्रत्येक जुन्या कागदावर ते असत.

"खोट्या शपथेला काय असतं?" सावित्रीबाईंनी विचारलं.

"कैद."

"कुणाला?"

"शपथ घेणाऱ्याला," हिंमतराव म्हणाले, आणि घाईनं पुढे म्हणाले, "पण ते सिद्ध व्हावं लागतं. त्या खेड्यात कोण मृत्यूची नोंद करत होतं? पटकीत रोज माणसं जात होती. दत्तोबा काय, काहीही म्हणेल."

"मग बेवा लिहा की," प्रताप म्हणाला.

"आन् भाऊजी, मग पुढं?" सावित्रीबाई उसळल्या. "कुंकवाच्या पुडीवर रांडमुंडीचा—" त्या थांबल्या. "वन्सं, मी तुम्हाला म्हणत नाही हो. बाजार काय म्हणंल ते म्हणते. बाया ही पुडी देवाच्या ताटात ठेवतात. नव्या नवरीला हीच लावतात. आठ वर्षं विधवेच्याच हातची लावली म्हणून कळलं तर कोठीतली पाटी दगडांनी फोडतील. दुकान ऱ्हातंय का? आन् माझी गंगू? तिच्या सासरी काय सांगायचं?"

"म्हणजे जौजे लिहिलं तर दत्तोबा आणि बेवा लिहिलं तर बाजार," हिंमतराव म्हणाले. "नोंद केलीच नाही तर छापच दत्तोबाची. दहा वर्षांत लोक आपल्यालाच नक्कल करणारे म्हणतील."

प्रताप बराच वेळ सासुरवाशिणीच्या पुडीकडं बघत होता. मग त्याची नजर खिडकीकडं गेली आणि तिथंच राहिली.

"दादा, चित्रच बदललं तर?"

"म्हणजे?"

"नाव तेच. साडी तीच, ताट तेच. चेहरा तेवढा दुसरा. गंगू आक्कावरच गेलीय. माघात लग्न झालं की फोटो काढू. ती वयानं अजून अजाण हाय, तर संमती दादा देतील. जौजे लिहायला काय भ्याव नाही, नवरा समोर उभा असणार. गिऱ्हाइकाला कळायचं बी नाही बदललं म्हणून."

हिंमतराव सरळ बसले. गेल्या तासाभरात पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला.

"हे कसं सुचलं नाही आधी?"

"मेरा फोटू!" गंगू खिडकीतून उडी मारून उठली. "कोठीच्या बोर्डावर? काका, सच्ची?"

सावित्रीबाईही हसल्या. घरात एकदम मोकळी हवा खेळल्यासारखं झालं. गंगू माजघरात पळाली. कोनाड्यातला करंडा घेऊन आली, मेण न लावताच रुपयाएवढं कुंकू कपाळाला थापलं, कोपऱ्यातलं ताट उचललं आणि मान कलती करून दारात उभी राहिली.

"बघा. जमतंय का?"

जमतच होतं. जिवंत पुडी दारात उभी होती. कुसुमताईंना तो स्टुडिओ आठवला. दिव्यांची धग, फोटोवाल्याचं "हिलो मत अम्मा", आणि नामदेवराव सारखे म्हणत होते, "थोडी हस ग." त्या दिवशीही सगळे असेच हसत होते. त्यांना ओरडून सांगायचं होतं, ताट खाली ठेव.

"नको," त्यांच्या आधी कुणीतरी म्हणालं.

सावित्रीबाईंचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. त्या मुलीकडं बघत होत्या, मग कुसुमताईंच्या कपाळाकडं. सकाळी घाईत पुसलेल्या मेणाची एक चकाकी तिथं अजून होती.

"काय नको?" हिंमतरावांनी विचारलं.

"गंगूचं चित्र नको."

"अगं, पण का? कारण तरी सांगशील?"

"नको म्हणते ना."

"वैनी, आत्ता तर तुम्हीच—"

"भाऊजी, तुम्ही तेव्हा हॉस्टेलात होतात. कोठीच्या स्टुडिओत वन्संचा पदर मी नीट केला होता. नथ मी घातली. माझीच होती ती." सावित्रीबाईंचा आवाज खाली गेला. "नव्या नवरीचं चित्र काढताना कुणाच्या मनात काय येतं? काहीच येत नाही. माझ्या पोरीच्या नशिबाला मी कोनाडा बांधून देणार नाही. गंगू, ठेव ते ताट. चल आत, कपाळ पूस."

"अम्मा, कैकू?"

"चल म्हणते!"

मायलेकी आत गेल्या. ताट फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला. आता प्रताप म्हणत होता की बायकांचं ऐकून धंदा होत नाही, आणि हिंमतराव, जे घडीभरापूर्वी त्याच्या बाजूचे होते, ते म्हणाले, "तुला मुलगी नाही म्हणून तू बोलतोस." त्यावर प्रताप दुखावून अंगणात जाऊन विडी ओढत बसला.

दुपारी हिंमतराव पडवीत आले. ते कधी पडवीत येत नसत. कुंकवाची धूळ चढली की त्यांना खोकला व्हायचा. दारातच उभं राहून ते म्हणाले, "कुसुम."

त्यांनी चाळण थांबवली नाही.

"एक शब्द आहे फक्त. जौजे. साहेब वाचतील, तू हो म्हण, सही कर. त्यांना बाकीचं काही माहीत नाही. कैदेबिदेचं मी बघतो. वेळ आली तर सांगीन, मीच लिहायला लावलं."

"दत्तोबा आज आपल्या दारात काय मागायला येणार असेल, दादा?"

"पैसे मागेल. नाहीतर तिकडची छाप त्याच्या नावे करून मागेल."

"दिली तर उद्या काय मागेल?"

हिंमतराव खोकायला लागले.

"मी एकदा शपथेवर जौजे म्हटलं की तो शब्द त्याच्या मुठीत. तुमच्यानंतर गंगूच्या नवऱ्याकडं तो तेच घेऊन जाईल." त्यांनी चाळण जोरात हलवली. "मला कैदेचं भ्याव वाटतंय. बाजाराचंही वाटतंय. मला सगळ्याचंच वाटतंय, दादा. पण कडी वाजली की जे वाटतं, ते रोज वाटतं."

"मग काय करायचं?"

"मला ठाऊक नाही."

हिंमतराव खोकत निघून गेले.

कडी वाजली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. सावित्रीबाईंनी सवयीनं लांबण लावली, "कोण हा–य?"

"मोहियुद्दीन, अम्मा. हिंमतराव साब बुलाए थे."

कुसुमताई माजघरात धावल्या. हात कोनाड्यात गेला आणि तिथं मेणाची डबी लागली, आरसा लागला. करंडा नव्हता. गंगूनं सकाळी नेलेला करंडा बैठकीत राहिला होता, आणि बैठकीत साहेब येऊन बसत होते. आठ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. उघड्या कपाळानं बाहेर गेलं तर साहेब काही विचारायच्या आधीच सगळं ठरून जाईल. न जावं तर हिंमतराव आत बोलवायला येतील. त्या पाठ भिंतीला लावून उभ्या राहिल्या.

मग त्यांना स्वतःची बोटं दिसली.

लाल होती ती. पडवीत परातभर कुंकू होतं. घरात कुंकवाचा तोटा कधी नव्हताच, आणि इतकी वर्षं आपण कोनाड्यातल्या चिमटीभर कुंकवासाठी धावत आलो, याचं त्यांना नवल वाटलं. त्या पडवीत गेल्या, परातीतलं ताजं कुंकू बोटावर घेतलं, आणि थांबल्या. लावायचं की नाही, हे आज पहिल्यांदाच त्यांना कुणी सांगत नव्हतं. सासरी पुसलं ते चार बायांनी धरून. इथं लावलं ते भावांसाठी. हे त्यांच्याच हातचं होतं, त्यांनीच चाळलेलं. त्यांनी आरशाशिवाय, मेणाशिवाय कपाळाला बोट टेकवलं.

बैठकीच्या दारात त्यांना पाहिलं तेव्हा हिंमतरावांचे खांदे सैल झाले. कपाळ भरलेलं होतं. बहीण ऐकणार होती.

मोहियुद्दीनसाहेब म्हातारे होते, शेरवानीची वरची गुंडी तुटलेली. त्यांनी इंग्रजीत टाइप केलेला कागद मांडीवर धरला होता आणि समासात उर्दूतली टिपणं होती. त्यांनी एकदा पुडीकडं पाहिलं, एकदा कुसुमताईंकडं.

"माशाल्ला, तस्वीर तो बरोबर आपकीच है. बीबी, मैं पढ़तुं, आप सुनो. कुछ गलत हुआ तो बोलो. बाद में बोलना नक्को, दस्तखत के बाद कोई नहीं सुनता."

"हौ, साहेब."

"कुसुमबाई, जौजे मारोतराव, उम्र इकतीस—"

"ते चूक आहे."

"उम्र?"

"नाही. जौजे नाही, साहेब. बेवा लिहा."

साहेबांनी चष्म्यावरून वर पाहिलं. त्यांची नजर कपाळावर आली आणि तिथंच अडकली. अंगणातून प्रताप दारात येऊन उभा राहिला.

"बीबी, ये..." साहेबांनी स्वतःच्या कपाळाकडं बोट नेलं.

"ते कुंकू आहे. कागदात कुंकवाचं विचारलंय का?"

"नहीं पूछे."

"नवऱ्याचं विचारलंय, तेवढं खरं सांगते. मारोतराव पोलीस ॲक्शनच्या आधी वारले. त्यांच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

"साहेब, एक मिनिट," हिंमतराव अर्धवट उठले. "ती जरा... कुसुम, आत चल. साहेब, आपण कागद उद्या—"

"लिहू द्या," आतून आवाज आला. सावित्रीबाई माजघराच्या दारात होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला होता, पण आवाज ओढलेला नव्हता. "काय लिहायचं ते एकदाचं लिहू द्या. मला कोण हाय, कोण हाय करून कंटाळा आला."

मोहियुद्दीनसाहेबांनी या घरातल्या सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्यांनी अशी घरं पुष्कळ पाहिली असावीत. ते काही बोलले नाहीत. टाकाचं टोक शाईत बुडवून त्यांनी एक शब्द खोडला, वर दुसरा लिहिला, आणि समासात बोट ठेवलं. "यां दस्तखत. और नीचे यां."

कुसुमताईंनी बोटं पदराला पुसली. पुसून ती लालच राहिली. त्यांनी सही केली, 'कुसुम', आधी समासात, मग खाली. मग विचारलं, "या चित्राच्या जागी पुढं दुसऱ्या कुणाचं लावायचं नाही, असं यात लिहिता येतं का?"

"ये कागज आपकी रजामंदी का है, बीबी. दूसरों की मनाई इसमें नहीं आती."

"मग कागदाबाहेरचं सांगते." त्या भावांकडं वळल्या. "छाप माझ्या चेहऱ्याची आहे. टिकली तर माझ्याच चेहऱ्याची टिकेल आणि बुडाली तर माझ्याच. गंगूचं चित्र या घरातून निघणार नाही."

हिंमतराव खाली बसले. "दिवाळीचा माल बाजारात आहे, कुसुम. दत्तोबानं नुसतं तोंड उघडलं तर..."

"ठाऊक आहे."

"काय करशील मग?"

"भीत बसेन. आत्ताही भीतेच आहे."

साहेब कागद वकिलाकडं पोचवतो म्हणून उठले. जाताना त्यांनी त्या खुल्या करंड्याचं झाकण, कुणी सांगितलं नसताना, बसवून ठेवलं. प्रताप त्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेला. तो परतला तो धापा टाकत, मागच्या दारानं.

"आला. गल्लीच्या तोंडाशी पत्ता विचारायलाय."

कडी वाजली.

सावित्रीबाईंनी तोंड उघडलं. "को—" एवढंच निघालं. सगळ्यांनी कुसुमताईंकडं पाहिलं, मग कोनाड्याकडं. प्रतापनं नुसत्या ओठांनी म्हटलं, "पूस, आक्का, पूस." हिंमतराव मान हलवत होते, राहू दे, राहू दे. परक्याला लावायचं आणि घरच्याला पुसायचं, हा नियम होता. नवऱ्याच्या तेराव्याला जेवलेला माणूस कशात बसतो, हे नामदेवरावांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

कुसुमताई दारापर्यंत चालत गेल्या. त्यांनी कोण म्हणून विचारलं नाही. कडी काढली.

दत्तोबा पायरीवर उभा होता. पांढरी टोपी, काखेत पिशवी. त्यानं वर पाहिलं आणि त्याचे डोळे बारीक झाले. जे शोधायला आला होता ते दारातच सापडल्यासारखे.

"रामराम, वैनी. ओळखलं का?" तो गोड बोलला. "कपाळाला हे काय म्हणायचं? मारोतरावाच्या तेराव्याला आम्ही—"

"होतात तुम्ही. मीही होते." कुसुमताई दारातून हलल्या नाहीत. "मारोतराव वारले, मी विधवा आहे, हे आत्ताच शपथेवर लिहून दिलं. कागद वकिलाकडं गेला. हे चित्र माझं आहे आणि ते मी माझ्या भावांच्या पेढीला दिलंय. तुमच्या पुडीवरही मीच आहे, दत्तोबा. तुम्हाला मी दिलेलं नाही."

दत्तोबानं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. हिंमतराव, प्रताप, सावित्रीबाई ओळीनं उभे होते, आणि त्यांतल्या कुणीही ते नाकारत नव्हतं. काखेतली पिशवी त्यानं उगाचच दुसऱ्या काखेत घेतली.

"आन् बाजारात सांगितलं तर?" तो हळू म्हणाला.

हा प्रश्न येणार हे कुसुमताईंना ठाऊक होतं. समोरच्या घराच्या ओसरीवर एक बाई दळण निवडत बसली होती. तिनं मान वर केली होती. संध्याकाळपर्यंत तिलाही कळेल, मग गल्लीला, मग अफझलगंजाला. त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाकडं निघाला. त्यांनी तो मधेच वळवला आणि चौकट धरली, घट्ट.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मग आत वळून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "गंगू, माझ्या सासरचं माणूस आलंय. पाणी आण."